व्हीएआर : सहा हंगाम वापरल्यानंतरचा अभिप्राय

इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेत २०१९-२० च्या हंगामापासून व्हीएआर, म्हणजे पडद्यावर प्रसंग पुन्हा पाहून मैदानातल्या पंचाला सावध करणारा दुसरा पंच, ही सोय सुरू झाली. तेव्हापासून २०२४-२५ पर्यंतचे सहाही हंगाम मी ती प्रेक्षक म्हणून वापरली. ‘वापरली’ हा शब्द मुद्दाम लिहिला आहे, कारण ही सोय आमच्यासाठी, म्हणजे सामना पाहणाऱ्यांसाठी आणली जात आहे, असे आम्हाला सांगण्यात आले होते. घरात आणलेल्या मिक्सरबद्दल जसे लिहावे तसेच तिच्याबद्दलही लिहायला हरकत नाही.

प्रथम माझी बसण्याची जागा सांगतो. कोल्हापुरात शनिवारी रात्री आम्ही चार-पाच जण एका मित्राच्या माडीवर जमतो. इंग्लंडमध्ये दुपारी तीनला सुरू होणारे सामने आमच्याकडे उन्हाळ्यात साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला लागतात. गंमत अशी की हेच सामने ब्रिटनमधल्या लोकांना घरी बसून थेट पाहता येत नाहीत, कारण शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात तिथे फुटबॉलच्या थेट प्रक्षेपणाला मनाई आहे. मैदानात जाणाऱ्यांची गर्दी घटू नये म्हणून घातलेली ही जुनी अट लिव्हरपूलच्या माणसाला लागू होते आणि मंगळवार पेठेतल्या माणसाला होत नाही. तिथल्या क्लबांच्या हिशेबाने आमच्यात एक आर्सेनलवाला, दोन लिव्हरपूलवाले, एक मँचेस्टर युनायटेडवाला आणि मी एव्हर्टनचा आहे. एव्हर्टन का, हे कृपया विचारू नये. पुढे जे लिहिणार आहे त्यात माझा कल कुठे असेल ते वाचणाऱ्याला ठाऊक असावे, एवढ्याचसाठी हे सांगितले.

माल देताना काय सांगितले होते ते आधी पाहू. खेळाचे नियम ठरवणाऱ्या आयफॅब या मंडळाने ३ मार्च २०१८ रोजी झुरिकमध्ये व्हीएआरला नियमांत स्थान दिले आणि त्याच वर्षी रशियातल्या विश्वचषकात ते वापरले गेले. हा पडद्यामागचा पंच केवळ चार बाबतींत तोंड उघडू शकतो, असे ठरले : गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि एकाऐवजी दुसऱ्याच खेळाडूला दिलेली शिक्षा. त्यातही चूक स्पष्ट आणि उघड असली तरच त्याने बोलायचे. कमीत कमी ढवळाढवळ आणि जास्तीत जास्त फायदा, अशी ही जाहिरात होती. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळापासून जवळ असलेल्या स्टॉकली पार्कमधल्या एका खोलीत पडद्यांसमोर पंच बसतात, आणि तिथून शेकडो मैलांवरच्या मैदानातल्या पंचाच्या कानात त्यांचा आवाज जातो.

गोलरेषेचे यंत्र याहून वेगळे आणि याहून जुने आहे. तरी त्याचा उल्लेख आधी करतो, कारण या दुकानातला सर्वांत चोख माल तोच आहे. २७ जून २०१० रोजी ब्लूमफाँटेनला इंग्लंड-जर्मनी सामन्यात फ्रँक लॅम्पार्डचा फटका आडव्या खांबाला लागून रेषेच्या चांगला आत पडला. घरी बसलेल्या सगळ्या जगाला ते दिसले, पण मैदानातल्या पंचांना दिसले नाही, आणि त्या वेळी २-१ असलेला सामना इंग्लंडने ४-१ असा गमावला. दोनच वर्षांत गोलरेषेच्या यंत्राला मान्यता मिळाली आणि २०१३-१४ पासून ते प्रीमियर लीगमध्ये आले. चेंडू पूर्ण आत गेला की एका सेकंदाच्या आत पंचाच्या मनगटावरचे घड्याळ थरथरते. वाद नाही, खोळंबा नाही, कोणाचे मत नाही. गेल्या बारा वर्षांत आमच्या माडीवर या यंत्राच्या निकालावरून एकदाच भांडण झाले. १७ जून २०२० रोजी, करोनामुळे थांबलेली लीग पुन्हा सुरू झाली त्याच संध्याकाळी, अॅस्टन व्हिलाचा गोलरक्षक नायलँड चेंडू छातीशी धरून गोलच्या आत गेला आणि घड्याळ गप्प राहिले. गोलरक्षक, बचावपटू आणि खांब यांच्या गर्दीत सातही कॅमेऱ्यांना चेंडू दिसला नव्हता. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीने माफी मागताना नऊ हजारांहून अधिक सामन्यांत असे कधी घडले नव्हते, असे सांगितले. शेफिल्ड युनायटेडविरुद्धचा तो सामना ०-० सुटला आणि हंगामाअखेर व्हिला अवघ्या एका गुणाने लीगमध्ये तगले. नऊ हजारांत एक हे प्रमाण मला मान्य आहे. बोर्नमथवाल्यांना ते मान्य नसणार, कारण त्या एका गुणाने खालच्या लीगमध्ये गेलेल्या क्लबांत ते होते.

ऑफसाइडची, म्हणजे पास सुटताना आघाडीपटू चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे होता का याची, गोष्ट निराळी. इथेही मोजायचेच असते, पण मोजायचे कशाने हा प्रश्न सुरुवातीची वर्षे कोणी नीट विचारला नाही. प्रक्षेपणाचा कॅमेरा सेकंदाला पन्नास चित्रे टिपतो असे धरले, तर सेकंदाला आठ मीटर धावणारा आघाडीपटू दोन चित्रांच्या मध्ये सोळा सेंटिमीटर पुढे सरकतो. पास देणाऱ्याच्या पायाने चेंडू नेमका कोणत्या चित्रात सोडला, हे माणसाने डोळ्यांनी ठरवायचे, आणि मग खांदा कुठे संपतो तिथेही माणसानेच टिंब ठेवायचे. या अंदाजांवर ओढलेली रेषा मात्र केसाएवढी बारीक. नोव्हेंबर २०१९ मध्ये व्हिलाविरुद्ध लिव्हरपूलच्या फर्मिनोचा गोल काखेच्या मापाने रद्द झाला. पुढच्या वर्षी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध लीड्सचा बॅमफर्ड, चेंडू कुठे टाकायचा हे हात लांब करून दाखवत होता, तो त्या लांब केलेल्या हातामुळेच ऑफसाइड ठरला. सोनाराचा तराजू भाजीमंडईत आणून ठेवावा, तसा तो प्रकार होता. २०२१-२२ पासून रेषा जाड करून शंकेचा फायदा आघाडीपटूला द्यायला सुरुवात झाली. १२ एप्रिल २०२५ पासून प्रीमियर लीगमध्ये खेळाडूंच्या शरीराचे बिंदू आपोआप टिपणारी अर्धस्वयंचलित पद्धत आली, जी विश्वचषकात २०२२ मध्येच वापरून झाली होती. आता ऑफसाइडच्या निकालावर आमच्याकडे कुरकुर होते, पण पंच विकला गेला असे कोणी म्हणत नाही. हा फरक लहान नव्हे.

खरी तक्रार इथून पुढे आहे. चेंडू हाताला लागला तो जाणूनबुजून की नकळत, पाय घसरला की मारला, ढकलले की नुसता धक्का लागला, या गोष्टींना रेषा ओढता येत नाही. २६ फेब्रुवारी २०२२ रोजी एव्हर्टनच्या तेव्हाच्या मैदानात, गुडिसन पार्कवर, मँचेस्टर सिटी १-० ने पुढे असताना शेवटच्या काही मिनिटांत रॉड्रीच्या हाताला चेंडू लागला. पंचाने पेनल्टी दिली नाही. पडद्यामागच्या पंचाने प्रसंग पाहिला आणि तरीही मैदानातल्या पंचाला पडद्याकडे बोलावले नाही. एव्हर्टन हरले. नंतर पंचांच्या संघटनेचे तेव्हाचे प्रमुख माइक रायली यांनी क्लबची माफी मागितली. एव्हर्टनचा त्या वेळचा प्रशिक्षक फ्रँक लॅम्पार्ड होता. ज्या माणसाच्या हुकलेल्या गोलामुळे यंत्रांना दार उघडले, त्याच माणसाला बारा वर्षांनी, सगळी यंत्रे जागेवर असताना, माफी ऐकून घ्यावी लागली. मी एव्हर्टनचा असल्यामुळे हा प्रसंग विसरणे मला शक्य नाही, हे वर कबूल केलेच आहे.

माझ्या मते दोष त्या खोलीत बसलेल्या माणसाचा जेवढा आहे, त्याहून जास्त ‘स्पष्ट आणि उघड’ या अटीचा आहे. समजा, दोन मैदानांवर एकाच वेळी हुबेहूब सारखा धक्का घडला. एका पंचाने पेनल्टी दिली, दुसऱ्याने दिली नाही. दोन्ही निर्णय पटण्याजोगे आहेत, म्हणून पडद्यामागचा पंच दोन्हीकडे गप्प बसतो आणि दोन्ही निर्णय कायम राहतात. नियमाप्रमाणे हे अगदी बरोबर झाले. पण रात्री उशिरा दोन्ही सामन्यांची क्षणचित्रे शेजारीशेजारी पाहणाऱ्या माणसाला एकालाच न्याय मिळालेला दिसतो. पूर्वी तो म्हणायचा, पंचाला दिसले नसेल. आता त्याला ठाऊक असते की दिसले होते, चार कोनांतून दिसले होते, आणि तरीही काही केले नाही. एकसारखेपणा हवा म्हणून लोकांनी ही सोय मागितली, आणि सोय बनवणाऱ्यांनी ती अचूकपणासाठी बनवली. या दोन गोष्टी एक नाहीत, हे कोणी कोणाला सांगितले नाही.

आमच्या आर्सेनलवाल्याचे दुखणे याच जातीचे आहे. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी ब्रायटनविरुद्ध डेक्लन राइसने फ्री किकच्या वेळी चेंडू पायाने जरासा दूर केला. खेळ सुरू करण्यात दिरंगाई केल्याबद्दल त्याला दुसरे पिवळे कार्ड मिळाले आणि तो बाहेर गेला. त्याच सामन्याच्या पूर्वार्धात ब्रायटनच्या जोआव पेद्रोने चेंडू कितीतरी लांब मारला होता आणि त्याला काहीच झाले नव्हते. तीन आठवड्यांनी सिटीविरुद्ध लिआंद्रो ट्रोसार्ड त्याच कारणावरून गेला. त्याही सामन्यात सिटीच्या डोकूने आधी चेंडू लाथाडला होता, आणि तो पंचाच्या नजरेतून सुटला होता. दोन्ही सामन्यांत आर्सेनल पुढे होते आणि दोन्ही बरोबरीत सुटले. राइस आणि ट्रोसार्ड यांना दिलेली कार्डे नियमाला धरून होती, हे आमचा मित्रही चहा घेताना मान्य करतो. तो विचारतो ते इतकेच, की हाच नियम समोरच्याला का लागला नाही. या प्रश्नावर व्हीएआरकडे उत्तर नाही, कारण पिवळे कार्ड त्याच्या चार बाबतींत बसतच नव्हते. दुकानात हा माल ठेवतच नाही, असे सांगण्यासारखे ते आहे.

आता ३० सप्टेंबर २०२३ ची रात्र. टॉटनहॅम-लिव्हरपूल सामना आमच्याकडे दहाला सुरू झाला. लिव्हरपूलचा एक खेळाडू आधीच लाल कार्डाने गेला होता. चौतिसाव्या मिनिटाला लुइस डियाझने गोल केला आणि सहायक पंचाने झेंडा वर केला. पडद्यावर पाहताच तो ऑफसाइड नाही हे उघड होते. आमचे दोघे लिव्हरपूलवाले उभे राहिले आणि रेषा ओढण्याची वाट पाहू लागले. रेषा आली नाही. टॉटनहॅमने फ्री किक घेतली आणि खेळ पुढे गेला. त्या खोलीत काय घडले ते तीन दिवसांनी ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले तेव्हा कळले. पडद्यामागचे पंच डॅरेन इंग्लंड यांना, मैदानात गोल दिला आहे, असे वाटत होते. डियाझ ऑनसाइड आहे हे त्यांनी अगदी बरोबर ओळखले आणि, तपासणी पूर्ण झाली, म्हणजे तुमचा निर्णय योग्य आहे, असे मैदानात कळवले. मैदानातला निर्णय गोल नाही असा होता. चित्रे पुढेमागे करून देणाऱ्या तंत्रज्ञाला पहिल्यांदा शंका आली आणि त्याने विचारले. मग खोलीत एकदम सगळ्यांच्या लक्षात आले. खेळ थांबवा, असे कोणीतरी सुचवले. पण खेळ सुरू झाल्यावर मागे जाता येत नाही, हा नियम, आणि आता काही करता येणार नाही, हेच वाक्य त्या मुद्रणात पुन्हा पुन्हा ऐकू येते. पुढे लिव्हरपूलचा आणखी एक खेळाडू बाहेर गेला आणि शहाण्णवाव्या मिनिटाला मातिपच्या स्वयंगोलाने सामना २-१ असा हातचा गेला.

मी ते मुद्रण दोनतीनदा ऐकले. पक्षपाताचा त्यात मागमूस नाही. यंत्रही बिघडलेले नाही, आणि ऑफसाइडचा निष्कर्षही बरोबर आहे. फसले ते काय, तर दोन माणसांमधले बोलणे. रेल्वेत सिग्नल देणारा आणि घेणारा प्रत्येक सूचना एकमेकांना परत बोलून दाखवतात. कोट्यवधी पौंडांच्या या लीगमध्ये, मैदानातला निर्णय गोल नाही, मी तो गोल असा बदलत आहे, एवढे पूर्ण वाक्य उच्चारण्याची सक्ती नव्हती. त्याच वर्षी ११ फेब्रुवारीला आर्सेनल-ब्रेंटफर्ड सामन्यात पडद्यामागचे पंच ली मेसन रेषा ओढायलाच विसरले आणि ब्रेंटफर्डच्या टोनीचा, ऑफसाइड ठरायला हवा होता तो गोल कायम राहिला. त्याच दिवशी दुसऱ्या मैदानावर ब्रायटनच्या गोलासाठी चुकीच्या बचावपटूपासून रेषा ओढली गेली आणि योग्य गोल रद्द झाला. मेसन आठवड्याभरात संघटनेतून बाहेर पडले. हे सगळे वाचताना महागडे कुलूप बसवून किल्ली दारालाच ठेवणाऱ्या घराची आठवण होते.

ग्राहकसेवेबद्दल थोडक्यात. चुका झाल्यावर माफी मागण्याची पद्धत बरी आहे, पण माफीला गुण मिळत नाहीत. २०१० च्या विश्वचषकाचा अंतिम सामना चालवलेले हॉवर्ड वेब पंचांचे प्रमुख झाल्यापासून निवडक प्रसंगांचे संभाषण दूरचित्रवाणीवर ऐकवले जाते आणि वेब स्वतः बसून ते समजावतात. ही मला या सहा वर्षांतली सर्वांत चांगली सुधारणा वाटते. काही वेळा त्यांचे स्पष्टीकरण पटत नाही, पण माणूस विचार कसा करत होता ते कळते आणि निम्मा राग तिथेच उतरतो. मोठ्या प्रसंगांचा नंतर निवाडा करणारी पाच जणांची समितीही आहे, ज्यात तीन माजी खेळाडू किंवा प्रशिक्षक असतात. मैदानात बसलेल्या प्रेक्षकाची मात्र वर्षानुवर्षे आबाळ झाली. तिकीट काढून आलेल्या माणसाला मोठ्या पडद्यावर तपासणी चालू आहे एवढेच दिसायचे, आणि कशाची तपासणी ते माझ्या माडीवर त्याच्याआधी कळायचे. जानेवारी २०२५ मध्ये लीग कपच्या उपांत्य सामन्यात इंग्लंडमध्ये पंचाने प्रथमच ध्वनिक्षेपकावरून निर्णय आणि कारण सांगितले. क्रिकेट आणि रग्बीवाल्यांनी हे केव्हाच केले होते.

इतर ग्राहक काय म्हणतात? मे २०२४ मध्ये वूल्व्हस या क्लबने व्हीएआर बंद करण्याचा ठराव आणला. सहा जूनला लीगमधल्या क्लबांचे मतदान झाले तेव्हा तो १९ विरुद्ध १ असा पडला, म्हणजे ठराव मांडणाऱ्याशिवाय कोणीही हात वर केला नाही. लीगचे म्हणणे, पूर्वी महत्त्वाचे निर्णय ८२ टक्के बरोबर असायचे, ते आता ९६ टक्के असतात. स्वीडनमध्ये क्लबांची मालकी सभासदांच्या हातात असल्याने त्यांनी ही सोय घेतलीच नाही. नॉर्वेत घेतली, आणि जुलै २०२४ मध्ये ट्रॉनहाइमला प्रेक्षकांनी निषेध म्हणून मैदानात माशांचे वडे फेकले, इतके की सामना अर्धवट सोडावा लागला. आमच्याकडे असे वडे कोणी फेकणार नाही, खाऊन टाकतील.

अभिप्रायात ग्राहकाचाही दोष लिहावा लागतो. गेल्या पावसाळ्यात मी एक उद्योग केला. पेनल्टीचे दहा जुने प्रसंग आवाज बंद करून मित्रांना दाखवले आणि प्रत्येकाला कागदावर फक्त हो किंवा नाही लिहायला सांगितले. ज्या सामन्यांत आमचे क्लब नव्हते तिथे पाचही कागद बहुतेक जुळले. जिथे होते तिथे कोण कुठल्या क्लबचा हे कागदावरून ओळखता आले असते. माझ्या कागदावरूनही आले असते. पाच माणसांच्या खेळावरून सिद्धांत काढायचा नाही, पण त्या रात्री ‘पंच आमच्यावरच का उठले आहेत’ हे वाक्य कोणी उच्चारले नाही.

गुण द्यायचेच झाले तर गोलरेषेला पाचपैकी पाच, ऑफसाइडला आता चार, हातचेंडू आणि धक्काबुक्कीला दीड, आणि खुलासा देण्याला दोनवरून तीनकडे निघालेले. भारतीय लीगने ही सोय घ्यावी का, असे मला विचारले जाते. इंडियन सुपर लीगमध्ये ३ मार्च २०२३ रोजी बेंगळुरूत सुनील छेत्रीने समोरच्यांची बचावाची भिंत उभी राहण्यापूर्वीच फ्री किक मारून गोल केला, समोरचा केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला आणि महासंघाने त्यांना चार कोटींचा दंड केला. तिथे किती कॅमेरे असते तरी उपयोग नव्हता, कारण चेंडू आत गेला याबद्दल कोणाला शंकाच नव्हती. फ्री किक लगेच घेता येईल की शिट्टीची वाट पाहायची, हे दोन्ही संघांना सारखे कळले होते की नाही, यावर सगळा वाद होता. म्हणून, पैसे कमी असतील तर कॅमेरे नंतर घ्या आणि पंचाच्या कॉलरला लावायचा माइक आधी घ्या, असे माझे उत्तर असते.

आमच्या शाहू स्टेडियमवर यातले काहीच नाही. दोन पेठांचे संघ समोरासमोर असतात, स्टँड भरलेले असते आणि पंचाकडे एक शिट्टी असते. मागच्या हंगामात एका सामन्यात चेंडू रेषेवरून बाहेर काढला की आतून, यावर मोठा गदारोळ झाला. सामना संपल्यावर तासाभराने तोच पंच बाहेर चहाच्या गाड्यावर उभा होता. हरलेल्या पेठेतले एक वयस्कर गृहस्थ त्याच्यासमोर जाऊन थांबले. “काय ओ पंच, त्यो गोल का दिला न्हाईसा?” पंचाने ग्लास खाली ठेवला. “मामा, माझ्या आडवी दोघं पोरं हुती. मला दिसलंच न्हाई. न दिसलेला गोल कसा देऊ?” मामा थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. “मग मगाशीच तसं सांगायचं की,” ते म्हणाले, आणि त्यांनी चहावाल्याला दोन बोटे दाखवली.